कारखाना वाचेल, भागधारकाचे काय?

अकोला-अमरावतीत शेअर बाजाराची आवड असलेली चार माणसे एकत्र बसली की एक वाद हटकून निघतो. कंपनी लहान असते, कारखानदारीतली असते आणि अडचणीत असते. कधी ती सुताची असते, कधी सोयाबीन तेलाची, कधी शेतीच्या पाइपांची. काही वर्षांपूर्वी शंभराच्या वर असलेला तिचा शेअर आता बारा-चौदा रुपयांवर आलेला असतो. एक बाजू म्हणते, कारखाना उभा आहे, यंत्रे चांगली आहेत, नुसती जमीनच कितीतरी कोटींची आहे. हंगाम पालटला की भाव तिप्पट होईल. दुसरी बाजू म्हणते, बँकेचे कर्ज डोक्यावर आहे, प्रवर्तकांनी स्वतःचे शेअर गहाण टाकलेत, हा कारखाना बंद पडणार. वाद रंगतो, पण मिटत नाही. दोन्ही बाजू एकाच प्रश्नाभोवती फिरत असतात: कारखाना वाचेल की नाही?

माझे म्हणणे असे की हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा: कारखाना वाचलाच, तर त्यात माझा हिस्सा उरेल का? वऱ्हाडाचा आणि बाकीच्या विदर्भाचा अनुभव सांगतो की या दोन प्रश्नांची उत्तरे अनेकदा उलटसुलट येतात. कारखाना वाचतो, धुराडे पुन्हा पेटते, कामगार परत येतात, आणि जुन्या भागधारकाच्या हाती काहीच उरत नाही. आपल्याच भागातली अशी उदाहरणे समोर असताना आपण ती मनावर घेत नाही, याचे मला वाईट वाटते. कारण या वादात पणाला लागलेला पैसा निवृत्त शिक्षकाचा असतो, अडत दुकानातल्या मुनीमाचा असतो, घरचा कापूस विकून आलेल्या पैशातून थोडी रक्कम बाजूला टाकणाऱ्या कास्तकाराच्या मुलाचा असतो.

सुरुवात अकोल्यापासूनच करू. सावतराम रामप्रसाद मिल आणि मोहता मिल या दोन गिरण्यांनी अकोल्याला गिरणगावाचे रूप दिले होते. अचलपूरला विदर्भ मिल होती. साठच्या दशकाच्या अखेरीस देशभरच्या कापड गिरण्यांना घरघर लागली. यंत्रे जुनी, कर्ज मोठे, नफा नाही. सरकारने १९७२ मध्ये अशा आजारी गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले आणि १९७४ च्या कायद्याने १०३ गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण केले. अकोल्याच्या त्या दोन्ही गिरण्या आणि अचलपूरची विदर्भ मिल त्या यादीत होत्या.

या कायद्याची रचना शेअरधारकाने नीट समजून घेण्यासारखी आहे. सरकारने कंपनी घेतली नाही. कंपनीकडून गिरणी घेतली. जमीन, इमारत, माग, चात्या असे सगळे कर्जाच्या बोज्यातून मोकळे होऊन सरकारकडे आणि तिथून राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेले. कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक गिरणीसमोर एक रक्कम लिहिली होती. ती रक्कम आयुक्ताकडे जमा झाली आणि ठरलेल्या क्रमाने धनकोंत वाटली गेली. क्रमाच्या शेवटी काही उरले तरच ते कंपनीला, म्हणजे भागधारकांना. गिरणी वाचली, भोंगा वाजत राहिला, शहराने सुटकेचा श्वास घेतला. पण ज्याच्याकडे गिरणीच्या कंपनीचा शेअर होता, त्याच्याकडे आता गिरणी नसलेल्या कंपनीचा शेअर होता. ‘सरकार गिरणी बंद पडू देणार नाही’ असे म्हणणारा माणूस त्या वेळी शंभर टक्के बरोबर ठरला असता, आणि तरीही त्याचे पैसे बुडाले असते.

पुढे सरकारी मालकीनेही गिरण्या तगल्या नाहीत. अकोल्याच्या गिरण्या बंद झाल्या. अचलपूरला विदर्भ मिलच्या जागी मुंबईच्या फिनले मिलच्या नावाने नवी यंत्रसामग्री आली, काम सुरू झाले, आणि मार्च २०२० च्या टाळेबंदीत दार बंद झाले. धंदाच टिकत नसेल तर मालक बदलून तो टिकतोच असे नाही, हा त्यातला दुसरा धडा.

कोणी म्हणेल, ती पन्नास वर्षांपूर्वीची समाजवादी गोष्ट. आता काळ वेगळा आहे. काळ वेगळा आहे हे खरे. पण भागधारकाची रांगेतली जागा तीच आहे. दिवाळखोरी संहिता २०१६ मध्ये आली. कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली तर कोणाला आधी द्यायचे, याचा क्रम तिच्या ५३ व्या कलमात आहे. आधी या प्रक्रियेचाच खर्च. मग कामगारांचे मागील २४ महिन्यांचे येणे आणि तारण असलेल्या बँकांचे कर्ज, दोघे एका पायरीवर. मग इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे पगार. मग विनातारण कर्ज देणारे. मग सरकारी देणी. मग उरलेली देणी. कापूस, कोळसा, पॅकिंग उधारीवर देणारे व्यापारी साधारण इथे येतात. मग प्रेफरन्स शेअरवाले. आणि सगळ्यांत शेवटी तुम्ही-आम्ही, साधा शेअर घेतलेले. आजारी कंपनीत पहिल्या दोन पायऱ्यांवरच पैसा संपतो. शेवटच्या पायरीवर उभे राहून आपण ‘जमीनच कितीतरी कोटींची आहे’ असे म्हणतो, तेव्हा त्या जमिनीवर आपल्या आधी किती जणांचा हक्क आहे याचा हिशेब केलेला नसतो.

ही संहिता अमलात आल्यावरचे आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे नागपूरची मुरली इंडस्ट्रीज. सोयाबीन तेल, कागद आणि सिमेंट असा तिचा पसारा होता. चंद्रपूर जिल्ह्यात नारंडा येथे वर्षाला ३० लाख टनांचा सिमेंट कारखाना तिने उभारला. कर्ज झेपले नाही आणि २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. ‘एवढा मोठा सिमेंट कारखाना कोणीतरी घेणारच’ हा अंदाज अगदी अचूक निघाला. दालमिया समूहाने सुमारे ४०० कोटी रुपयांची योजना दिली, राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने ती २०१९ मध्ये मंजूर केली, सप्टेंबर २०२० मध्ये ताबा झाला आणि कारखाना पुन्हा सिमेंट काढू लागला. पण मुरली इंडस्ट्रीज आता दालमियांच्या पूर्ण मालकीची कंपनी झाली होती. ‘पूर्ण मालकी’ याचा अर्थ जुन्या भागधारकाचा वाटा शून्य. या प्रक्रियेचा जोर एवढा की प्राप्तिकर खात्याने जुन्या वर्षासाठी काढलेली नोटीसही पुढे मुंबई उच्च न्यायालयात टिकली नाही. जिथे सरकारी खात्याचे येणे पुसले जाते, तिथे शेअरवाल्याने कशाच्या आधारावर आशा धरायची?

आशावादी बाजूकडे याचे एक जबरदस्त उत्तर आहे, आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ते उत्तर म्हणजे रुची सोया. सोयाबीनच्या या पट्ट्यात हे नाव घराघरात माहीत आहे. २०१७ च्या अखेरीस ही कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. बँकांचे दावे ९ हजार कोटींच्या वर होते. पतंजली समूहाने ४,३५० कोटींची योजना देऊन डिसेंबर २०१९ मध्ये ती घेतली. जुन्या भागधारकांना पूर्ण पुसले नाही. दर १०० शेअरांना १ शेअर दिला. व्यवहार थांबण्याआधी भाव तीन-साडेतीन रुपये होता. म्हणजे ज्याने साधारण ३३ हजार रुपये घालून १०,००० शेअर घेतले होते, त्याच्याकडे १०० शेअर राहिले. २७ जानेवारी २०२० रोजी शेअर पुन्हा बाजारात आला तेव्हा भाव सतरा रुपयांच्या आसपास होता. ३३ हजारांचे सतराशे झाले. मग तोच शेअर चढत चढत जून २०२० मध्ये १,५०० च्या वर गेला. धीर धरून बसलेल्याच्या १०० शेअरांचे दीड लाख झाले. २०२२ च्या मार्चमध्ये कंपनीने लोकांना नवे शेअर विकले ते ६५० रुपयांनी. त्या भावानेही त्याचे पैसे जवळपास दुप्पट होते.

तेव्हा आशावादी बाजू खोटे बोलत नाही. पण हे उदाहरण नेमके काय सिद्ध करते? कारखाने तेच होते, सोयाबीन तेच होते, पाच महिन्यांत तेलाच्या धंद्यात नव्वदपट काही झाले नव्हते. झाले होते ते असे की कंपनीचे ९९ टक्क्यांहून जास्त शेअर नव्या मालकाकडे होते आणि बाजारात फिरायला एक टक्काही नव्हता. इतक्या थोड्या मालावर थोडेसे खरेदीदार तुटून पडले तरी भाव आकाशाला भिडतो. आपल्या बाजार समितीत आवक पाच-दहा गाड्यांवर आल्यावर काय होते ते वऱ्हाडी माणसाला सांगायला नको. नंतर २०२१ मध्ये नियमच बदलला: दिवाळखोरीतून बाहेर आलेल्या कंपनीने पुन्हा बाजारात येताना किमान ५ टक्के शेअर लोकांकडे असले पाहिजेत. ज्या टंचाईने तो भाव घडवला, तिच्यावर नियमाने मर्यादा आली. म्हणून रुची सोयाच्या उदाहरणावर दुसऱ्या कंपनीचा अंदाज बांधणे म्हणजे एका असाधारण योगायोगाला रीत समजणे.

आता दुसरा, अधिक जिव्हाळ्याचा मुद्दा. अनेक जण मनापासून म्हणतात, आपल्या भागातली कंपनी आहे, आपण तिच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. विदर्भाचा कापूस आणि सोयाबीन बाहेर जाते, प्रक्रिया बाहेर होते, पोरे पुण्याला जातात. अशा वेळी इथल्या कारखान्याचा शेअर घेणे ही त्यांना मातीची सेवा वाटते. ही भावना मला परकी नाही. पण बाजारात आपण शेअर घेतो तेव्हा पैसा कोणाकडे जातो? बैलबाजारात जुना बैल घेतला तर पैसा विकणाऱ्याच्या खिशात जातो, बैलाच्या वैरणीत एक पेंढीही वाढत नाही. शेअरचेही तसेच आहे. मुंबईतल्या किंवा अहमदाबादच्या कोणा कंटाळलेल्या भागधारकाला आपण पैसे देऊन मोकळे करतो; कारखान्याच्या खात्यात एक रुपया जात नाही, एका कामगाराचा पगार होत नाही. कंपनीला पैसा मिळतो तो तिने नवे शेअर विकले तरच. म्हणून गावप्रेमाने शेअर घ्यायचा असेल तर आपण गावाला काही देत नसून स्वतः एक जोखीम घेत आहोत, हे आधी स्वच्छ समजले पाहिजे.

आणि कंपनी नवे शेअर विकते तेव्हा? तिथेही जुन्या भागधारकाने डोळे उघडे ठेवायला हवेत. समजा, कंपनीचे एक कोटी शेअर आहेत. अडचणीतून निघण्यासाठी ती कोणा मोठ्या गुंतवणूकदाराला दोन कोटी नवे शेअर स्वस्तात देते. कंपनी सावरते, सहा कोटी नफा कमावते. पूर्वी हाच नफा शेअरमागे सहा रुपये झाला असता. आता तो दोन रुपये होतो. कारखाना वाचला, नफा परतला, पण आपला वाटा एक तृतीयांश झाला. ‘जुना नफा परत आला की जुना भाव परत येईल’ असे मांडणारा माणूस बहुधा शेअरांची संख्या मोजायला विसरलेला असतो.

मग वाद घालायचाच नाही का? जरूर घालावा, आणि मला तर तो आणखी कसून घातलेला हवा आहे. त्याचे कारण आपल्याच सहकारी सूतगिरण्यांत आहे. त्या गिरण्यांचे शेअर कास्तकारांनी घेतले होते. सहकारी संस्थेच्या शेअरला बाजारभाव नसतो. तो दर्शनी किमतीलाच राहतो. गिरणी आतून पोखरली जात होती तेव्हाही सभासदाच्या कागदावरची रक्कम तीच होती, आणि गेटला कुलूप लागले तेव्हाही तीच होती. त्याला धोक्याची सूचना देणारे काहीच नव्हते. शेअर बाजारात रोज बदलणारा भाव ही निदान एक सूचना असते, आणि सूचीबद्ध कंपनीला दर तीन महिन्यांनी आपले आकडे उघड करावे लागतात. एवढी माहिती फुकट मिळत असताना केवळ भावाच्या आलेखावर आणि कोणाच्या तरी ‘आतल्या बातमी’वर वाद घालणे ही मोठी उधळपट्टी आहे.

कोणते आकडे पाहावेत? पहिला आकडा रोकडीचा. एक मांडणी करून पाहू. कंपनीची वर्षाची विक्री २०० कोटी. कच्चा माल, वीज, मजुरी आणि इतर खर्च जाऊन उरले १२ कोटी. बँकेचे व्याज ९ कोटी. उरले ३. कर्जाच्या मुद्दलाचा हप्ता ८ कोटी. म्हणजे ५ कोटींचा खड्डा. विक्री वाढली, ऑर्डर आली, नवे यंत्र बसले या सगळ्या बातम्या खऱ्या असूनही हा खड्डा राहतो. प्रश्न एवढाच विचारायचा की हे ५ कोटी कुठून येतात. जिनिंगवाल्याचे पैसे थकवून? बँकेकडून नवी मर्यादा घेऊन? प्रवर्तकांनी घरचे पैसे घालून? की नवे शेअर विकून? या चारांतले कोणते उत्तर खरे आहे त्यावर भागधारकाचे भवितव्य ठरते. प्रवर्तक स्वतःचे पैसे घालत असतील तर त्याला अर्थ आहे. पुरवठादार थकत असतील तर कुलपाची वाट सुरू झाली आहे.

सूतगिरणीच्या बाबतीत तर हा खड्डा एका हंगामात पडू शकतो. रुईची खंडी म्हणजे ३५६ किलो. मे २०२२ मध्ये खंडीचा भाव एक लाखाच्या वर गेला होता, आणि वर्षअखेरीस तो साठ-पासष्ट हजारांच्या आसपास उतरला. ज्या गिरणीने चढ्या भावाने गाठी भरून ठेवल्या, तिच्या गोदामातला माल सूत होण्याआधीच तोट्यात गेला. मोठी गिरणी असा फटका सोसते. लहान गिरणीचे भांडवलच तेवढे असते. त्यात आयातशुल्काची ये-जा. २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसावर लागलेले ११ टक्के शुल्क २०२२ मध्ये काही महिने उठवले, पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा उठवले. शुल्क उठले की कास्तकाराचा भाव पडतो आणि गिरणीला स्वस्त रुई मिळते. पण चार महिन्यांपूर्वी भरलेल्या गाठींचे काय, हे शेअरवाला विचारत नाही.

दुसरा आकडा येण्याचा. विकलेल्या मालाचे पैसे किती दिवसांनी येतात? साठ दिवसांचे नव्वद, नव्वदचे एकशे चाळीस होत असतील तर विक्री कागदावर आहे. त्यातच पाहावे की ‘सरकारकडून येणे असलेले अनुदान’ किती दाखवले आहे. विदर्भातल्या उद्योगांना वीज, व्याज आणि भांडवलावर राज्याच्या योजना आहेत, आणि त्या हव्यातच. पण मंजूर झालेले अनुदान आणि खात्यात पडलेले अनुदान यांत काळाचे अंतर असते, आणि त्या काळातले व्याज कंपनी भरते.

तिसरी गोष्ट जमिनीची, कारण आपल्या वादांत तिचा फार भरवसा धरला जातो. एमआयडीसीतला भूखंड कंपनीच्या मालकीचा नसतो. तो साधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळालेला असतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर महामंडळाची परवानगी लागते, हस्तांतर शुल्क लागते, आणि त्याआधी बँकेचे तारण फेडावे लागते. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेच्या वसाहतीत रेमंड आणि सियारामसारखे मोठे कारखाने आले, २० सप्टेंबर २०२४ रोजी अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. त्यामुळे परिसरातल्या जागेचे मोल वाढेलही. पण शेजारच्या भूखंडाचा भाव वाढल्याने कर्जबाजारी कंपनीच्या भागधारकाच्या हातात रोकड येत नाही.

उरलेली माहिती वार्षिक अहवालाच्या मागच्या पानांत असते. लेखापरीक्षकाने ‘कंपनी पुढे चालू राहील की नाही याबद्दल शंका’ नोंदवली आहे का? भविष्यनिर्वाह निधी, जीएसटी भरायला उशीर होतो का? मालकाच्या दुसऱ्या कंपन्यांना पैसे दिलेत का? प्रवर्तकांचे किती शेअर गहाण आहेत? पतमापन संस्थेने ‘कंपनी माहिती देत नाही’ असा शेरा मारून दर्जा ठेवला आहे का? हा शेवटचा शेरा मला सर्वांत बोलका वाटतो. जी कंपनी बँकेसाठी आपली पत मोजणाऱ्याला कागद दाखवत नाही, ती अकोटच्या भागधारकाला काय सांगणार?

वऱ्हाडच्या गुंतवणूकदाराजवळ एक शहाणपण पिढ्यांचे आहे. इथला अडत्या कोणाला उधारी देताना त्याची मागची फेड पाहतो, त्याच्या दारात गाड्या येतात की जातात ते पाहतो, तो दुसऱ्या कोणाचे देणे लागतो ते गुपचूप विचारून घेतो. हाच माणूस मोबाइलवर शेअर घेताना यांतले काही करत नाही. कंपनी आपल्याच जिल्ह्यात असेल तर त्याला मुंबईच्या विश्लेषकापेक्षा जास्त दिसते: किती पाळ्या चालतात, जिनिंगवाले तिच्याबद्दल काय बोलतात, ट्रक भरून निघतात का. उघड्यावर दिसणारे हे सगळे पाहायचा त्याला हक्क आहे. मात्र कंपनीतला ओळखीचा माणूस जाहीर न झालेले निकाल किंवा करार कानात सांगत असेल आणि त्यावर आपण व्यवहार करत असू, तर सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार तो गुन्हा आहे, आणि ज्याच्याकडे अशी माहिती नाही त्या आपल्याच शेजाऱ्याची ती फसवणूक आहे.

यात शासनाचे आणि नियामकांचेही कर्तव्य आहे. बँकेने बुडीत कर्ज सोडावे, नव्या मालकाने कारखाना चालवावा, हे मला मान्य आहे. कारखाना चालू राहणे ही भागधारकाच्या नुकसानभरपाईपेक्षा मोठी सामाजिक गरज आहे. पण लहान भागधारक हा प्रवर्तक नव्हे. कर्ज त्याने काढले नव्हते, पैसा त्याने फिरवला नव्हता. दोघांना एकाच रेघेने पुसणे अन्यायाचे आहे. सेबीने नोव्हेंबर २०२२ मध्ये एक प्रस्ताव चर्चेसाठी मांडला होता: नवा मालक ज्या भावाने कंपनी घेतो, त्याच भावाने जुन्या लहान भागधारकांनाही काही हिस्सा विकत घेण्याची संधी द्यावी. यात फुकट काहीच नाही. ज्याला खरोखर त्या कारखान्यावर विश्वास आहे त्याने नव्याने पैसे घालावेत, आणि हा पैसा कारखान्याच्या पुनरुज्जीवनाला लागावा, असे ते तत्त्व आहे. या विचाराला विदर्भातल्या गुंतवणूकदारांनी, सनदी लेखापालांनी आणि व्यापारी संघटनांनी आवाज दिला पाहिजे. आपल्या कारखान्यावरचे प्रेम खरे करून दाखवायचा तोच एक सरळ मार्ग आहे. त्याचबरोबर, दिवाळखोरी प्रक्रियेतल्या कंपनीचा शेअर घेताना ‘हा शेअर शून्य होऊ शकतो’ ही सूचना खरेदीच्या बटणाआधी मराठीत, ठळक दिसली पाहिजे.

पण कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. पूर्वी कंपनीची वार्षिक सभा मुंबईत भरत असे आणि अकोल्याचा भागधारक रेल्वेचे भाडे काढून तिथे जात नसे. २०२० पासून कंपन्यांना वार्षिक सभा दूरदृश्य पद्धतीने घेण्याची मुभा मिळाली; बहुतेक सूचीबद्ध कंपन्या आता तशीच घेतात. एक शेअर असलेला माणूसही आधी नाव नोंदवून बोलू शकतो, मतदान घरून करू शकतो. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात या सभा होतात. आपल्या बैठकीतल्या दहा जणांकडे त्या कंपनीचे शेअर असतील, तर त्यांनी आपसात वर्षभर भांडण्यापेक्षा सभेत तीन प्रश्न विचारावेत. व्याज आणि हप्ता देऊन या वर्षी रोकड किती कमी पडली आणि ती कुठून आणली? पुढच्या दोन वर्षांत नवे शेअर काढणार असाल, तर ते आम्हालाही त्याच भावाने देणार का? पुरवठादारांचे आणि कामगारांचे किती देणे थकले आहे? उत्तर मिळाले तर आपल्याला खरी माहिती मिळेल. टाळाटाळ झाली तर तीही माहितीच आहे, आणि ती कोणत्याही आलेखापेक्षा भरवशाची आहे.

जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा कापसाच्या प्रदेशात गिरणी काढणे अनेकांना वेडेपणा वाटला होता. शंका घेणारे चुकले. त्या गिरणीने अनेक दशके भरघोस लाभांश दिला. तीच गिरणी १९८६ मध्ये सरकारकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. तिच्यावर कायमचा विश्वास ठेवणारेही चुकले. कारखानदारीत आशा आणि शंका दोन्ही आलटून पालटून खऱ्या ठरतात, म्हणून कोणत्याही एका बाजूचे कायमचे सदस्यत्व घेण्यात अर्थ नाही. लहान भागधारकाने धरून ठेवायचा तो आपल्या जागेचा हिशेब: आज या कंपनीच्या रांगेत माझ्या पुढे कोण उभे आहे, त्यांना देऊन माझ्यापर्यंत काय पोहोचते, आणि उद्या माझ्या मागून आत येणाऱ्याला माझ्यापेक्षा स्वस्तात जागा मिळणार आहे का. हा हिशेब मांडून ज्याला शेअर घ्यावासा वाटेल त्याने जरूर घ्यावा. त्याची ती जाणती जोखीम आहे, आणि उद्योग जाणत्या जोखमीवरच उभे राहतात. हिशेब न मांडता नुसत्या स्वस्त भावावर किंवा गावच्या अभिमानावर पैसा घालणाऱ्याला मात्र मी हात जोडून सांगेन, आधी ती मागची पाने वाचा.